विषाद आणि व्याधि

नानासाहेब पेशवे कशानें वारले, हा प्रश्न आम्ही आमच्या वर्गांत दरवर्षीं एकदां तरी विचारतों. उत्तर ठरलेलें असतें. पन्नास विद्यार्थी बसलेले असले, तर पन्नासांच्या तोंडून एकच शब्द बाहेर पडतो : शोकानें. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर थोरले चिरंजीव विश्वासराव आणि चुलतबंधु सदाशिवरावभाऊ पडले. त्याच वर्षीं २३ जून रोजीं पर्वतीवर नानासाहेबांनीं देह ठेवला. मध्यें पुरते साडेपांच महिनेहि नाहींत. कार्यकारणाची इतकी सुबक जोडी इतिहासांत क्वचित् सांपडते. आणि इतिहासाच्या अध्यापकानें ज्या गोष्टींकडे संशयानें पाहावें, त्यांत अशा सुबक जोड्यांचा क्रम वरचा लागतो.

संशयाला जागाहि आहे. पानिपताची वार्ता येण्यापूर्वींच नानासाहेबांची प्रकृति खालावलेली होती. त्यांचे चुलते चिमाजीअप्पा छातीच्या जुन्या दुखण्यानें जर्जर होऊन १७४० च्या अखेरीस वारले. त्यांचे पुत्र माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं, वयाचीं अवघीं सत्तावीस वर्षें पुरीं झालीं असतां, थेऊर येथें राजयक्ष्म्यानें गेले. मागची पिढी आणि पुढची पिढी यांच्या मध्यें उभ्या असलेल्या चाळिशीच्या पुरुषालाहि तोच रोग जडलेला असावा, अशी शंका आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांनीं बोलून दाखविली, आणि ती सहज झटकून टाकण्यासारखी नाहीं. "दुखणें शरीराचें होतें, शोक हें बखरकारांचें काव्य," असा त्यांचा निकाल. वर्गांतील मुलें म्हणतात, मनानें शरीराला मारलें; डॉक्टर म्हणतात, शरीर आपल्या मरणानें मेलें, मनाचा त्याशीं संबंध नाहीं. अडीचशें वर्षांहून अधिक काळापूर्वींच्या रोग्याची नाडी आतां पाहतां येणार नाहीं, तेव्हां या तंट्याचा निवाडा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस नवल वाटतें तें दुसऱ्याच गोष्टीचें. दोन्ही उत्तरांत एक साम्य आहे : उत्तर मिळालें कीं त्या माणसाकडे पाहण्याचें काम संपतें. विषाद आणि व्याधि यांचा संबंध हा वैद्यकाच्या इतिहासांतील फार जुना वाद आहे, आणि चौकशी मध्येंच थांबविण्याची ही खोड त्या वादांत वारंवार आढळते. तिचाच कांहीं मागोवा येथें घेण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाविषयीं. शोक आणि विषाद हे शब्द आपण एकाच अर्थीं वापरतों, पण त्यांत भेद केलेला बरा. शोकाला विषय असतो : मूल गेलें, राज्य गेलें, घर बसलें. तो लाटेसारखा येतो, ओसरतो, मध्येंच हंसूंहि देतो. इंग्रजी वैद्यक ज्याला डिप्रेशन म्हणतें आणि आम्ही येथें विषाद म्हणत आहों, त्या स्थितींत आठवडेच्या आठवडे कशांतहि रस वाटत नाहीं, झोंप आणि भूक बिघडते, हातपाय जड होतात, विचार मंदावतो, आपण निरुपयोगी आहों असें वाटूं लागतें, आणि जगण्याचें कारणच दिसेनासें होतें. ही यादी वाचतांना लक्षांत येईल कीं, तींतील निम्मीं लक्षणें देहाचीं आहेत. गीतेच्या पहिल्या अध्यायाला विषादाचेंच नांव आहे, आणि तेथेंहि अर्जुन आपल्या तक्रारीचा आरंभ तत्त्वज्ञानानें करीत नाहीं. अंग गळून जाणें, तोंडाला कोरड पडणें, कंप सुटणें, त्वचेचा दाह होणें, येथून करतो. पंडितांना त्या श्लोकांत फारसें कांहीं सांपडलें नाहीं. शंकराचार्यांचें भाष्य तर दुसऱ्या अध्यायापासूनच खरें सुरू होतें. एखाद्या वैद्यानें भाष्य लिहिलें असतें, तर तो पहिल्या अध्यायावर बराच काळ रेंगाळला असता असें आम्हांस वाटतें.

वैद्यांनीं या गोष्टीची दखल आपापल्या ग्रंथांत घेतलेलीच आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत एके ठिकाणीं निरनिराळ्या वर्गांतील अग्रगण्य गोष्टींची लांबलचक यादी दिली आहे. तींत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्यें विषादाला पहिला मान मिळाला आहे. शब्द नीट पाहण्यासारखा आहे. रोग उत्पन्न करणाऱ्या, असें तेथें म्हटलेलें नाहीं. वाढविणाऱ्या, असें म्हटलें आहे. यक्ष्म्याच्या प्रकरणांत मात्र शोक, भय, ईर्ष्या यांच्या योगानें धातूंचा क्षय होऊन रोग जडतो असेंहि सांगितलें आहे. आणि अतिसाराच्या प्रकरणांत भयानें व शोकानें होणारे अतिसार निराळे काढून, औषधाबरोबर रोग्यास धीर देणें व त्याला आनंद वाटेल असें करणें हा त्यांवरील उपचार म्हणून नोंदला आहे. नानासाहेबांच्या उशाशीं जो कोणी वैद्य बसला असेल, त्याला मन कीं शरीर हा पेंच बहुधा पडलाच नसेल. त्याला दोन्ही एकाच पोथींत वाचावयास मिळालें होतें. यावरून आमच्या पूर्वजांना सर्व कांहीं ठाऊक होतें असें अनुमान काढणाऱ्यांत आम्ही नाहीं. त्याच पोथींत यक्ष्म्यावर सांगितलेल्या मांसरसांनीं एकहि क्षयी खडखडीत बरा झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

युरोपांतहि आरंभ असाच झाला. हिपोक्राटीसच्या परंपरेनें भय आणि खिन्नता फार दिवस टिकली, तर तो काळ्या पित्ताचा विकार समजावा असें ठरविलें. पुढें गॅलननें कर्करोगाचा भारहि त्याच काळ्या पित्तावर टाकला. हें काळें पित्त शरीरांत आजवर कोणासहि सांपडलेलें नाहीं, परंतु न सांपडतांहि दीड हजार वर्षें त्यानें एक काम चोख बजावलें : विषादाला देहाची व्याधि म्हणण्यांत कोणास संकोच वाटूं दिला नाहीं. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बर्टननें १६२१ सालीं या विषयावर जो अवाढव्य ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत मस्तकाचा विषाद, सर्वांगाचा विषाद आणि पोटांतील अवयवांचा विषाद असे सरळ तीन भेद केले आहेत.

या व्यवस्थेला तडा गेला तो देकार्तच्या हातून. मन आणि देह हीं दोन सर्वस्वीं भिन्न द्रव्यें आहेत, एकाला विस्तार नाहीं आणि दुसऱ्याला विचार नाहीं, असें त्यानें प्रतिपादिलें. त्यावर अत्यंत मर्मभेदी प्रश्न विचारला तो कोण्या विद्यापीठांतील आचार्यानें नव्हे. मे १६४३ मध्यें एका चोवीस वर्षांच्या मुलीनें पत्र लिहून विचारला. ज्याला आकार नाहीं, स्पर्श नाहीं, असें मन देहाला हलवितें तरी कसें? देकार्तनें दिलेल्या उत्तरानें तिचें समाधान झालें नाहीं, आणि तें तिनें आदबीनें पण स्पष्टपणें कळविलें.

ही मुलगी म्हणजे बोहेमियाच्या पदभ्रष्ट राजाची कन्या एलिझाबेथ. तिचा पिता फ्रेडरिक यानें १६१९ सालीं प्रागचें सिंहासन स्वीकारलें आणि नोव्हेंबर १६२० मध्यें प्रागजवळच्या लढाईंत तें गमावलें. 'एका हिवाळ्याचा राजा' असें त्याचें नांवच पडून गेलें. कुटुंब हॉलंडमध्यें हेग येथें आश्रित होऊन राहिलें. आई इंग्लंडच्या पहिल्या जेम्सची मुलगी; मामा पहिला चार्ल्स, आणि त्याचें राज्यहि १६४२ पासून यादवींत सांपडलेलें. टपाल आलें कीं कांहींतरी बुडाल्याचीच बातमी यावी, असें हें घर. १७६१ च्या आरंभींच्या शनवारवाड्याची कल्पना ज्याला आहे त्याला तें ओळखीचें वाटेल.

१६४५ च्या वसंतांत एलिझाबेथ आजारी पडली. बारीक ताप आणि कोरडा खोकला. देकार्तला कळतांच त्यानें लिहिलें कीं, अशा रेंगाळणाऱ्या तापाचें सर्वांत नेहमींचें कारण खिन्नता हेंच होय, आणि दैवानें तिच्या घराण्याचा जो पिच्छा पुरविला आहे तो खिन्न होण्यास पुरेसा आहे. पुढच्या एका पत्रांत त्यानें स्वतःचा दाखला दिला. आपली आई आपल्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत फुप्फुसाच्या रोगानें वारली, आणि तो रोग कांहीं दुःखांतून उद्भवला होता. तिच्याकडून कोरडा खोकला आणि फिकट वर्ण आपल्या वांट्यास आला, विशी उलटेपर्यंत टिकला, वैद्यांनीं तर आपण तरुणपणींच जाणार असें भाकित केलें होतें. परंतु प्रत्येक गोष्टीकडे अनुकूल बाजूनें पाहण्याची संवय असल्यामुळें तो दोष हळूहळू नाहींसा झाला. (त्याची आई वास्तविक त्याच्या जन्मानंतर वर्षभरानें, दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळीं गेली. एवढ्या मोठ्या तत्त्ववेत्त्यालाहि आपल्या घरची बखर अचूक ठाऊक नव्हती.) तेव्हां तिनें स्पाच्या झऱ्याचें पाणी प्यावें, आणि पितांना मनांतून खिन्न विचार काढून टाकावे, रानाची हिरवळ, फुलांचे रंग, पांखरांचें उडणें यांकडे नुसतें पाहत बसणाऱ्या माणसाप्रमाणें असावें.

उपदेश वाईट नाहीं. आजहि वडीलधारीं माणसें हाच देतात, आणि स्पाच्या ऐवजीं महाबळेश्वर सांगतात. पण ज्याला तो केला जातो त्याची बाजू या पत्रव्यवहारांत शिल्लक राहिली आहे, आणि म्हणूनच तो अमोल आहे. एलिझाबेथनें उत्तर दिलें कीं, दुःखाच्या बातम्यांपासून मन दूर ठेवणें तिला शक्य नाहीं; पत्रें येतात, लोक भेटीस येतात, आणि त्यांना टाळणें म्हणजे घराण्याविषयींच्या कर्तव्याला चुकणें होय. आघात झाल्यापासून विवेक ताळ्यावर येईपर्यंत कांहीं काळ जातो, आणि तेवढ्या अवकाशांत देह बिघडून बसलेला असतो. पुढें देकार्तनें तिला सेनेकाचा सुखी जीवनावरील ग्रंथ वाचावयास सुचविला. त्यावर ऑगस्टमध्यें तिनें जें लिहिलें त्याचा आशय असा : असेहि रोग आहेत कीं ते विचार करण्याची शक्तिच हिरावून घेतात, आणि मग विवेकापासून मिळणारें समाधानहि त्याबरोबर जातें. ज्या हत्यारानें इलाज करावयाचा, तें हत्यारच रोगानें पळविलें तर रोग्यानें करावें काय? आमच्या वाचनांत विषादाविषयीं याहून प्रामाणिक आक्षेप आलेला नाहीं. देकार्तनें उत्तरीं मान्य केलें कीं होय, असे रोग असतात. आणि पुढें तो पुन्हां सुखाच्या विवेचनाकडे वळला. त्याचा मनोविकारांवरील ग्रंथ १६४९ सालीं निघाला, तो याच पत्रव्यवहारांतून वाढलेला. पुढच्याच वर्षीं, ११ फेब्रुवारी १६५० रोजीं, स्टॉकहोमच्या थंडींत फुप्फुसाचा दाह होऊन तो त्रेपन्नाव्या वर्षीं वारला. एलिझाबेथ पुढें जर्मनींत हर्फोर्डच्या मठाची अधिष्ठात्री झाली आणि १६८० पर्यंत जगली. यावरून कांहीं अनुमान काढूं नये, कारण सुबक जोड्यांविषयीं आम्हीं वर इशारा देऊन ठेवला आहे.

देकार्तची चूक कोणती? खिन्नतेचा देहावर परिणाम होतो असें म्हणण्यांत त्याची चूक नव्हती. चूक पुढच्या पायरीची होती. रोगाचें कारण खिन्नता, आणि खिन्नता ज्याच्या त्याच्या विचाराच्या स्वाधीन, असें एकदां धरलें म्हणजे रोग हा रोग्याचा अपराध ठरतो. एलिझाबेथला खोकला होता; या उपदेशानंतर तिला खोकलाहि होता आणि मन आवरतां येत नाहीं ही खंतहि होती.

याच्या पुढचा दाखला फ्रान्समधील रने लेनेक याचा. १८१६ सालीं यानें रोग्याच्या छातीला कागदाची सुरळी लावून कान दिला आणि त्यांतून आजचा स्टेथोस्कोप निघाला. छातीचे रोग प्रत्यक्ष ऐकणारा आणि मृत्यूनंतर उघडून पाहणारा हा माणूस. काव्याच्या आहारीं जाणारा नव्हे. तरीहि क्षयाचें मुख्य कारण दीर्घकाळ टिकणारे दुःखद मनोविकार हेंच असावें असें त्याचें मत झालें होतें, आणि पुराव्यादाखल त्यानें आपल्या देखरेखीखालील स्त्रियांच्या एका मठाची हकीकत दिली आहे. मठाचा नियम अत्यंत कडक; आहार, झोंप, बोलणें, सर्वांवर बंधनें; चित्त अहोरात्र धर्मांतील भयानक भागावर खिळविलेलें. प्रवेशानंतर थोड्याच महिन्यांत प्रकृति ढासळावी आणि क्षयाचीं चिन्हें दिसावीं. दहा वर्षांत तो मठ दोनतीनदां रिकामा होऊन नव्या स्त्रियांनीं भरला. वांचल्या त्या कोण? मठाध्यक्षा, दरवाज्यावरची, बागेंत काम करणारी, स्वयंपाकघरांत आणि रुग्णांच्या खोलींत असणाऱ्या. या स्त्रियांना मन रमविण्यास कांहीं होतें, बाहेरच्या जगाशीं संबंध होता, म्हणून त्या वांचल्या, असा लेनेकचा अर्थ. तो स्वतः १८२६ सालीं पंचेचाळिसाव्या वर्षीं क्षयानेंच वारला.

२४ मार्च १८८२ रोजीं बर्लिनमध्यें रॉबर्ट कॉखनें क्षयाचा जंतु शोधून काढल्याचें जाहीर केलें, आणि लेनेकची हकीकत एका क्षणांत उलटी वाचतां येऊं लागली. बाग, दरवाजा आणि स्वयंपाकघर येथें काम करणाऱ्या स्त्रियांना कोंदट प्रार्थनागृहांतील दुसऱ्यांच्या श्वासांतून जंतु मिळण्याची पाळी कमी येत असली पाहिजे. निरीक्षण खरें होतें. कारण दुसरेंच निघालें. यानंतर वैद्यकानें शोकाला क्षयाच्या कारणांतून हद्दपार केलें, आणि तें बहुतांशीं योग्यच झालें. पण हद्दपारी जरा जास्त लांब झाली. क्षयाचा जंतु ज्यांच्या शरीरांत शिरतो त्या शंभरांपैकीं पांच ते दहांनाच आयुष्यांत केव्हांतरी तो रोग होतो. बाकीच्यांचें शरीर त्याला कोंडून ठेवतें. मग या पांचदहांचेंच शरीर कां हरतें, या प्रश्नांत उपासमार येते, दुसरा रोग येतो, आणि कडक नियमांखालीं अर्धपोटीं, अर्धझोंपेंत, भयभीत राहणाऱ्या लेनेकच्या जोगिणीहि पुन्हां येतात. जंतु नसता तर त्या मेल्या नसत्या हें निश्चित. जंतु असतांना त्या इतक्या लौकर कां मेल्या, हें जंतु एकटा सांगत नाहीं.

दरम्यान उलट्या दिशेचा पुरावा सांचत होता. कंठांतील थायरॉइड ग्रंथि सुकली म्हणजे अंग सुजतें, थंडी वाजते, आवाज घोगरा होतो; त्याबरोबर मनहि मंद आणि खिन्न होतें. लंडनच्या क्लिनिकल सोसायटीनें १८८८ सालीं शंभरावर रोग्यांची पाहणी प्रसिद्ध करून यांतील अनेकांत मनोविकार दाखवून दिले. १८९१ सालीं न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यानें मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचून एका स्त्रीला बरें केलें, आणि ती पुढें अठ्ठावीस वर्षें जगली. यापूर्वीं अशा किती स्त्रियांना देवधर्म, हवापालट आणि बोधवचनें यांवर वाटेला लावलें गेलें असेल, याचा हिशेब कोठेंच नाहीं.

विसाव्या शतकाच्या मध्यावरची एक जोडगोळी तर नाटकांत शोभावी अशी आहे. १९५२ सालीं न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयांत क्षयाच्या रोग्यांवर इप्रोनायझिड हें औषध चालविलें असतां खिळलेले रोगी एकाएकीं उल्हसित झालेले दिसले. १९५७ पर्यंत हेंच औषध विषादावरील पहिल्या औषधांपैकीं एक म्हणून वापरांत आलें. याच्या उलट प्रकार आमच्या सर्पगंधेचा. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं १९३१ सालीं तिच्या मुळीचा उन्मादावर व रक्तदाबावर होणारा उपयोग प्रसिद्ध केला होता. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकांत छापला, आणि सर्पगंधा जगभर गेली. १९५२ त स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतील रेसरपीन हा अर्क निराळा काढला गेला. आणि थोड्याच वर्षांत बातम्या येऊं लागल्या कीं, रक्तदाब उतरलेले कांहीं रोगी गाढ विषादांत बुडत आहेत. एका औषधानें छातीचा रोगी हंसला, दुसऱ्यानें रक्तदाबाचा रोगी खचला. पुढील चौकशींत रेसरपीनवरील आरोप वाटला होता तितका सरळ राहिला नाहीं, हें सांगणें न्यायाचें आहे. पण विषादाचें रसायन शोधण्याची विद्या या दोन अपघातांवरच उभी राहिली.

आणखी एक दाखला, कारण त्यानें कोडें बरेंच उकलतें. जंतूंशीं झगडतांना शरीर इंटरफेरॉन नांवाचे पदार्थ स्वतःच निर्माण करतें. ते औषध म्हणून बाहेरून दिले, तर ज्यांच्या आयुष्यांत नवें दुःख घडलेलें नाहीं अशांपैकींहि अनेकांस खराखुरा विषाद जडतो. २००१ सालीं चाळीस रुग्णांवरील एका प्रयोगांत, विषादावरचें औषध आधींपासून दिलेल्यांत हा प्रकार पुष्कळच कमी आढळला. म्हणजे रोगाविरुद्धची शरीराची लढाई हीच मनाला खालीं ओढूं शकते. तापांत निजलेलें मूल खेळण्याकडे पाठ फिरवितें, तें त्याला आपल्या भवितव्याची चिंता लागली म्हणून नव्हे.

आतां हृदयाकडे येऊं, कारण अलीकडच्या काळांत या वादाचा निकाल तेथें लागेल अशी आशा होती. १९९३ सालीं माँट्रियल येथील नॅन्सी फ्रेझर-स्मिथ आणि त्यांचे सहकारी यांनीं हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या २२२ रुग्णांची सहा महिन्यांची हकीकत प्रसिद्ध केली. हृदयाची इजा किती मोठी हें हिशेबांत घेऊनहि, विषादग्रस्तांत मृत्यूचा धोका इतरांच्या चौपट भरला. मग विषाद दूर केला तर मृत्युहि दूर होईल काय? अमेरिकेंत २,४८१ रुग्णांवर हें पाहिलें गेलें. २००३ सालीं निष्कर्ष निघाला कीं, मानसोपचारानें विषाद कांहींसा हलका झाला, पण मृत्यूंत फरक पडला नाहीं. २०१८ सालीं दक्षिण कोरियांतील ३०० रुग्णांत मात्र, सहा महिने औषध घेतलेल्यांना पुढील आठ वर्षांत हृदयाचे नवे झटके कमी आले; एकूण मृत्यूंत तेथेंहि ठळक फरक दिसला नाहीं. मुलांनीं आणि डॉक्टरांनीं दोघांनींहि मागितलेला सुबक निकाल येथेंहि हातीं लागत नाहीं.

परंतु या आंकड्यांवर डोळे खिळवून बसणारे एक गोष्ट विसरतात, आणि तीं माणसें आम्हीहि होतों. आमचे एक वडीलधारे सहाध्यापक निवृत्तीनंतर दोनच वर्षांनीं हृदयविकारानें अंथरुणास खिळले. दीड महिन्यांत उठले, हिंडूंफिरूं लागले. तपासण्या समाधानकारक आल्या. मात्र ते बोलेनासे झाले. चाळीस वर्षें मेघदूत शिकविलेला हा माणूस ओसरीवर बसून समोरच्या भिंतीकडे पाहत राही. आम्ही आठवड्यास जात असूं, आणि परततांना जिन्यावर एकमेकांस म्हणत असूं, "चालायचेंच, एवढें मोठें दुखणें झालें." त्यांचे डॉक्टरहि हेंच म्हणत. कारण इतकें उघड होतें कीं, पुढें कोणी कांहीं विचारलेंच नाहीं. सात महिन्यांनीं दुसरा झटका आला आणि ते गेले. तेराव्यानंतर वहिनींनीं कपाट आवरतांना औषधांचीं पाकिटें आमच्यापुढें ठेविलीं. दिवाळीपासून एकहि गोळी काढलेली नव्हती. "भाऊजी, हे विसरले असतील का हो?" त्यांनीं विचारलें. आम्ही म्हणालों, विसरलेच असतील.

ते विषादानें गेले असें आम्ही म्हणत नाहीं. तसें म्हणण्यास पुरावा नाहीं. गोळ्या घेतल्या असत्या तर वांचले असते असेंहि म्हणवत नाहीं. परंतु ते सात महिने त्यांनीं ज्या स्थितींत काढले ती स्वतःच एक व्याधि होती, तिला इलाज होता, आणि आयुष्य एका दिवसानेंहि वाढलें नसतें तरी तो करावयास हवा होता. दुःखाला पुरेसें कारण दिसलें म्हणून दुःखाची विचारपूस थांबविणें, ही मोडलेल्या पायाला पडण्याचें कारण कळलें म्हणून पट्टी न बांधण्याची रीत झाली. क्षयाच्या रुग्णांतहि हेंच दिसतें. सहा महिने नेटानें औषध घ्यावयाचें असतें. विषादग्रस्त रोगी तें मध्येंच सोडण्याचा संभव अधिक, आणि त्याला आम्ही बेफिकीर म्हणतों.

यंदापासून वर्गांतला आमचा प्रश्न आम्हीं बदलला आहे. नानासाहेब कशानें वारले, हें आतां विचारीत नाहीं. फौजेसह उत्तरेकडे निघालेल्या पेशव्यांना जानेवारीच्या अखेरीस भेलशाजवळ पानिपताची बातमी कळली. तेथून पुण्यास येऊन पर्वतीवर प्राण सोडीपर्यंतचे पांच महिने ते कसे होते, हें विचारतों. अन्न जात होतें काय? रात्रीं झोंप लागत होती काय? पत्रांतील हुकूम पूर्वींसारखे नेमके राहिले, कीं उत्तरें तुंबूं लागलीं? खोकला केव्हां वाढला, आणि वैद्यानें दिलेलें औषध ते घेत होते काय? पेशवे दप्तरांतील कागद पुण्यास पुराभिलेखागारांत आहेत, आणि सरदेसाईंनीं संपादिलेले निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड आमच्या ग्रंथालयाच्या कपाटांत आहेत. दोन विद्यार्थ्यांनीं मोडी शिकण्यास आरंभ केला आहे.